शनिवारचं तेल

टेम्पोतून आधी बाई उतरली आणि मग जॅक. गोणपाटात गुंडाळलेला, सुतळीनं आवळून बांधलेला. टेम्पोवाल्यानं तो फरशीवर जरा आदळतच ठेवला, तेव्हा बाईच्या तोंडून "हळू हो" असं निघून गेलं, दवाखान्यात माणूस उतरवताना म्हणतात तसं.

"नूरुद्दीनचाचा तुम्हीच ना?" तिनं विचारलं. "मी मोनिका. कल्याणची बायको. फोन केला होता."

नूरुद्दीननं मान हलवली. कल्याणला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र ओळखीचा होता. ऑगस्टात मासेमारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा कल्याणनं कोकणातून फोन करून सगळं खोदून खोदून विचारलं होतं. रॉड कशानं धुवायचा, ग्रीस कुठलं लावायचं, लाँच बंदरात उभी असताना रॉड आत ठेवायचा की बाहेर. असं चौकस गिऱ्हाईक भेटलं की नूरुद्दीनचा दिवस चांगला जायचा. आता त्याच माणसाची बायको कपाळ मोकळं घेऊन समोर उभी होती, आणि तिला बस म्हणायचंही त्याला सुचेना. शेवटी त्याचा जुना कारागीर गहिनीनाथ, त्यानंच स्टूल फडक्यानं पुसून पुढे केलं.

नगरमध्ये बसून समुद्राचा धंदा कसा काय, असं कोणीही विचारील. विचारतातही. एमआयडीसीतल्या या शेडमध्ये पूर्वी फक्त उसाच्या ट्रॉल्यांचे आणि जेसीबीचे जॅक दुरुस्त व्हायचे. जॅक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी जाड लोखंडी नळी, आत सरकणारा पिस्टन आणि पिस्टनला जोडलेला चकचकीत रॉड. एकदा कोकणातला एक नाखवा, म्हणजे लाँचचा मालक, शिंगणापूरला दर्शनाला आला आणि जीपमध्ये टाकून आणलेला, सुकाणू वळवणारा जॅक जाता जाता दाखवून गेला. बंदरातली दुरुस्ती एक पावसाळाही टिकत नाही, अशी त्याची रड होती. नूरुद्दीनची दुरुस्ती टिकली. मग एकाचं ऐकून दुसरा आला, आणि ज्यानं समुद्र जेमतेम दोनदा पाहिला तो माणूस लाँचांचा मिस्त्री होऊन बसला.

लोक म्हणतात समुद्र लोखंड खातो. नूरुद्दीनला ते पटत नसे. समुद्र खात नाही, फट शोधतो, असं तो म्हणायचा. रॉडच्या चकाकत्या मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी खार तिथं जाऊन बसतो. मग गंज, मग त्या गंजाची धार. रॉड आत-बाहेर होताना ती धार रबराचं सील कापत राहते, तेल बाहेर जातं आणि खारं पाणी आत येतं. म्हणून नूरुद्दीन मुलाम्याखाली निकेलचा आणखी एक थर द्यायचा, बोल्ट न गंजणारे घालायचा, आणि नळीच्या तोंडाशी पुसणी बसवायचा. पुसणी म्हणजे रॉड आत येताना त्याच्यावरचा खार बाहेरच निपटून टाकणारं कडं. कारखान्यात त्याला सगळे 'दार' म्हणत, आणि ते दार बसवायचं काम गहिनीनाथचं होतं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नसे.

गहिनीनाथ शिंगणापुराकडचा. त्याच्या घराला चौकट आहे, दार नाही. गावाची रीतच ती. साळूबाई, त्याची बायको, परगावी जाताना चौकटीवरचा पडदा तेवढा सारखा करते. "घराला दार न्हाई आणि निघाला समुद्राला दार लावायला," असं नूरुद्दीन त्याला इतकी वर्षं चिडवत आला होता, आणि गहिनीनाथही ठरलेलं उत्तर द्यायचा, "घरी देव राखतो, शेठ. हितं मलाच राखावं लागतंय."

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, तेल घरात आणायचं नाही, हे त्या मुलखात बहुतेक सगळेच पाळतात. गहिनीनाथच्या घराण्यात त्याच्या वरची पायरी होती. शनिवारचं तेल देवाचं. त्या दिवशी देवाच्या शिळेवर तेल घालायचं, दुसऱ्या कशावर नाही. घरातल्या बिजागरीवरसुद्धा नाही, आता बिजागरी त्याच्या घरात नव्हतीच हा भाग वेगळा. नूरुद्दीननं ही गोष्ट पहिल्या वर्षीच मान्य केली होती. शुक्रवारी शेठ नमाजला जाणार, शनिवारी गहिनीनाथ देवाला जाणार, रविवारी साप्ताहिक सुट्टी. आपल्या कारखान्याला आठवडा चार दिवसांचाच मिळालाय, असं म्हणून दोघं हसायचे. हल्ली गावागावांत कोण कुणाच्या देवाबद्दल काय बोललं याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ झालेत. या शेडमध्ये तो प्रश्न कधी आला नव्हता, आणि याचा नूरुद्दीनला मनातून फार अभिमान होता.

मोनिकानं पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"चाचा, मला भरपाई वगैरे काही नको," ती म्हणाली. "मला फक्त खरं काय ते कळू दे. वाडीत सगळे म्हणतात, कल्याणनं सुकाणूकडे लक्ष दिलं नाही म्हणून लाँच गेली. आमच्या शेजारचा राजू पण होता त्याच्यासोबत. दोघंच गेले, बाकीचे वाचले. राजूची आई माझ्या घरासमोरनं जाते ना, ती तोंड फिरवून जाते. माझी पोरगी शाळेत जाते तर तिला म्हणतात, तुझ्या बापानं माणूस मारला."

दिवाळीच्या आधी समुद्र अचानक खवळला होता. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत, तिथं लाँच वळवताना सुकाणू ढिलं पडलं. नाखवा चाक फिरवत राहिला, मागं काही हलेना. कल्याण लाँचचा ड्रायव्हर, म्हणजे इंजिन आणि सुकाणूची यंत्रं सांभाळणारा. तो सुकाणू हातानं वळवायचा दांडा लावायला मागच्या बाजूला धावला, राजू त्याला धरायला गेला, आणि लाट आली. पुढे लाँच खडकावर आपटली. ती बाहेर काढली तेव्हा मोनिकानं नाखव्याच्या हातापाया पडून जॅक मागून घेतला. ज्यानं बनवला तोच सांगेल, असं तिनं ठरवलं होतं.

"धुवायचा का तो जॅक?" नूरुद्दीननं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"धुवायचा का म्हणजे!" तिचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. तो घरातला पिण्याचा हंडा उचलून न्यायचा जेट्टीवर. मी भांडायचे, म्हणायचे त्या लोखंडाला आंघोळ घालतोस आणि पोरगी तहानलेली ठेवतोस. तो म्हणायचा, नगरच्या चाचांनी सांगितलंय, गोडंच पाणी पाहिजे." तिनं पदर डोळ्यांना लावला. "म्हणून आले. एवढं करून जर त्याचीच चूक असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

नूरुद्दीननं गहिनीनाथकडे पाहिलं, आणि गहिनीनाथनं सुतळी कापली.

जॅक शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळून त्यानं कामाला सुरुवात केली. आधी बाहेरून पाहिलं. रॉड वाकला होता, तो खडकावर आपटून. पण मुलामा शाबूत होता. कुठे भोक नाही, डाग नाही. तोंडाशी दाराच्या कडेला ग्रीस अजून होतं, पिवळसर, मऊ. इतके दिवस पाण्यात राहूनही ते टिकलं म्हणजे पुन्हा पुन्हा आणि मनापासून लावलेलं होतं. गहिनीनाथनं ते बोटावर घेऊन नूरुद्दीनला दाखवलं.

"बाई, तुमच्या मालकानं लई जपलंय ह्याला," तो म्हणाला. "असं आमच्या हितलं ट्रॉलीवालं बी जपत न्हाईत."

मोनिका स्टुलावरून उठून जवळ आली. तिनं ते ग्रीस पाहिलं, हात पुढे करून थोडं आपल्या बोटावर घेतलं, तसं गहिनीनाथनं फडकं देऊ केलं. तिनं फडकं घेतलं नाही. बोटावरचं ग्रीस तसंच ठेवून ती उभी राहिली.

मग गहिनीनाथनं जॅक खोलला. तेल निघालं ते काळपट तांबडं, बोटात चोळलं तर रेतीसारखं लागणारं. पिस्टनवरचं सील फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यानं नळी पुसली, बॅटरी मारून आत पाहिलं, आणि पाहतच राहिला. नूरुद्दीननं त्याच्या हातातून बॅटरी घेतली.

नळीच्या आतून गंज चढला होता. रॉड आणि दार शाबूत असताना ज्या भागात समुद्र पोचूच शकत नाही, त्या भागात. आणि मागच्या टोकाशी बोटभर रुंदीचा एक पट्टा मात्र स्वच्छ होता, काल घासल्यासारखा. गंज चढत असताना पिस्टन तिथं बसून होता. लाँचवर जॅक सारखा मागंपुढं होत असतो. असा स्वच्छ पट्टा तिथं राहत नाही. म्हणजे जॅक लाँचवर चढायच्या आधी, एका जागी पडून असताना, आतून रिकामा होता. तेलाविना. समुद्रकाठची पावसाळी हवा आत भरून तो पडून राहिला होता आणि आतल्या आत गंजत होता. पुढे हंगाम सुरू झाल्यावर बिचाऱ्या कल्याणनं त्यात स्वच्छ तेल भरलं, बाहेरून रोज पिण्याच्या पाण्यानं धुतला, आणि आतला गंज प्रत्येक वळणाला सील कापत राहिला. त्याला कळायचा काही मार्गच नव्हता.

तेल भरल्याशिवाय जॅक या शेडच्या बाहेर जात नाही, हा नूरुद्दीनचा कायदा होता. काठोकाठ भरायचं, तोंडं बुचांनी घट्ट बंद करायची, मगच गाडीत चढवायचा. तो कायदा एकदाच मोडला होता, आणि कधी मोडला हे नूरुद्दीनला तिथंच, हातातली बॅटरी न विझवता, आठवलं.

जुलै महिना होता. शुक्रवारी संध्याकाळी जॅक तयार झाला. टेम्पो सोमवारी येणार होता, म्हणून गहिनीनाथनं तो पुसून फळीवर ठेवला आणि तेल सोमवारी सकाळी भरू म्हणून गेला. शनिवारी सकाळीच टेम्पो दारात. घाटात दरड कोसळायला लागलीय, रस्ता बंद व्हायच्या आत निघतो, असं ड्रायव्हर सांगत होता. नूरुद्दीननं तेलाचा डबा उचलला होता. नरसाळंही लावलं होतं. आणि मग त्याचा हात थांबला. गहिनीनाथ त्याच वेळी देवाच्या शिळेवर तेल घालत असणार, आणि त्याच्या हातचं काम त्याच्या माघारी, नेमकं आजच्या दिवशी, आपण उरकायचं? त्याला ती चोरी वाटली. त्यानं नरसाळं काढलं आणि ड्रायव्हरला बजावलं, पोचल्या पोचल्या तेल भरायला सांग. ड्रायव्हरनं सांगितलं की नाही देव जाणे. जॅक नाखव्याच्या खोपटात पडून राहिला.

सोमवारी गहिनीनाथला फळी रिकामी दिसली. त्यानं विचारलं नाही. शेठनं शनिवारी स्वतःच्या हातानं भरलं असणार, विचारून त्यांना कशाला अवघडून टाका, असं त्याला वाटलं. नूरुद्दीननंही सांगितलं नाही. तुझ्या शनिवारामुळे तेल राहिलं असं त्याला वाटू नये, एवढंच मनात होतं. दोघांनी एकमेकांचं मन राखलं, आणि तेल राहून गेलं.

"काय दिसलं, चाचा?" मोनिकानं विचारलं.

नूरुद्दीननं बॅटरी विझवली. "तुझ्या नवऱ्याची काही चूक नाही, पोरी. रतीभर नाही. चूक इथली आहे. जॅक इथनं रिकामा गेला. तेल भरायचं राहिलं. तो आतून आधीच सडला होता, तुझा कल्याण देव होऊन आला असता तरी त्याला कळलं नसतं."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मोठ्यानं नाही. बऱ्याच दिवसांनी पाठीवरचं ओझं उतरलं की माणूस बसतं तशी बसली होती. नूरुद्दीन आणि गहिनीनाथ दोघंही खाली पाहत उभे राहिले. शेजारच्या शेडमधलं लेथ मशीन तेवढं चालू होतं.

मग तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून मोबाईल काढला. "हे असंच बोला, चाचा. मी सांगितलं तर वाडीत कोण ऐकेल? तुमच्या तोंडून पाहिजे. राजूच्या आईला दाखवायचंय मला."

नूरुद्दीन मोबाईलसमोर उभा राहिला. नाव सांगितलं, कारखाना सांगितला. रॉडवरचं ग्रीस दाखवलं, नळीतला गंज दाखवला, स्वच्छ पट्टा दाखवला. कल्याणनं जॅक जितका जपला तितका आजवर कुणीच जपला नव्हता, हेही त्यानं सांगितलं. मग मोनिकानं मोबाईल तसाच धरून विचारलं, "पण चाचा, राहिलं कसं तेल? लोक विचारतील ना."

तेवढ्यात मागून गहिनीनाथचा आवाज आला. तो नळी हातात घेऊनच उभा होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"शेठ," त्यानं विचारलं, "हा गेल्ता कोन्या वारी?"

मोबाईल चालू होता. त्यावर लाल ठिपका दिसत होता. नूरुद्दीनला कळत होतं की आता तोंडातून जो शब्द निघेल तो इथं राहणार नाही. तो वाडीत जाईल, वाडीतून बंदरात, बंदरातून कुठं कुठं जाईल याचा नेम नाही. नूरुद्दीन शेख म्हणतो शनिवारामुळे दोन माणसं बुडाली, असं म्हणत तो परत नगरला येईल. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तो मागून आला. आधी त्याला दिसले ते गहिनीनाथचे हात. शिळेवर तेल घालणारे तेच हात आता गंजलेली नळी धरून होते. उद्यापासून हा माणूस देवापुढे तेलाची वाटी कशी धरणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

"शुक्रवारी," नूरुद्दीन म्हणाला. "शुक्रवार होता. मला नमाजला जायची घाई होती. टेम्पो दारात उभा होता, आणि मीच म्हणालो राहू दे तेल, जाऊ दे तसाच. माझ्या घाईनं झालं. दुसऱ्या कुणाचा यात हात नाही."

मोनिकानं मोबाईल बंद केला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. शिव्या द्याव्यात की पाया पडावं हे तिला ठरवता आलं नसावं. तिनं दोन्ही केलं नाही. बोटावरचं ग्रीस तिनं रुमालाच्या कोपऱ्याला पुसलं, तो रुमाल घडी करून पिशवीत ठेवला, आणि "येते, चाचा" म्हणून टेम्पोत बसली.

गहिनीनाथनं नळी शेगड्यात परत ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी आपणच हा जॅक पुसून फळीवर ठेवला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवेलागणीनंतर, शेठ नमाजहून कधीच परत आल्यावर. त्यानं हात धुतले, मोटारसायकल काढली आणि वेळेआधीच घरी गेला. नूरुद्दीननं त्याला थांबवलं नाही.

पुढचे दिवस दोघं कामापुरतं बोलले. नूरुद्दीननं एकदा चिडवून पाहिलं, घराला दार न्हाई म्हणून. गहिनीनाथनं ठरलेलं उत्तर दिलं नाही. दुपारी तो डबा घेऊन शेडच्या मागे एकटाच बसायला लागला. त्या आठवड्यात एका दुसऱ्या लाँचचा जॅक आला होता, त्याचंही काम चाललं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो तयार होऊन फळीवर गेला.

शनिवारी सकाळी नूरुद्दीन लवकर आला. या खेपेला आपल्याच हातानं तेल भरायचं आणि सोमवारी गहिनीनाथला तसं तोंडानं सांगायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. रागावला तर रागावला. पण शेडचं शटर उघडंच होतं.

गहिनीनाथ आत होता. कपाळाला ओला शेंदूर, म्हणजे पहाटे देवाला जाऊन आला होता. जॅक शेगड्यात उभा आवळलेला, तोंडाला नरसाळं लावलेलं, आणि तो तेलाचा डबा दोन्ही हातांनी धरून अगदी बारीक धारेनं तेल ओतत होता. शिळेवर ओततात तसं, धार तुटू न देता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

नूरुद्दीन दारातच थबकला. "गहिनी," तो म्हणाला, "अरे, ठेव ते. आज शनिवार आहे."

गहिनीनाथनं वर पाहिलं नाही. तेल काठोकाठ येईपर्यंत ओतलं, डबा खाली ठेवला, बूच लावून पान्यानं घट्ट आवळलं. मग गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसलं.

"न्हाई शेठ," तो म्हणाला. "आज शुक्रवार हाय. तुमीच सांगितलंय की साऱ्या दर्याला."